न गोठणाऱ्या मिठाविषयी तक्रार

छावणी, छत्रपती संभाजीनगर
एप्रिलची अखेर

आदरणीय रामकिसन दाजी यांसी,

पुंडलिकचा सविनय जयभीम. आपला गुडघा आणि मनकर्णेचा रक्तदाब हे दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. सोयगावच्या उन्हात आशेवाचून दुसरे औषध नसावे. (मनकर्णेने या पत्राचे उत्तर फोनवरून देऊ नये. माझी ही बहीण फोनवर निम्मी वाक्ये अर्धवट सोडते.) माझी प्रकृती असावी तशी नाही, परंतु हे पत्र प्रकृतीविषयी नसून आपल्या चिरंजीवांविषयी आहे.

गेल्या मे महिन्यात मी भर दुपारी घरातच भोवळ येऊन पडलो, हे आपण जाणता. तेव्हापासून माझ्या कन्येने, विशाखेने, एकच धोशा लावला आहे. "बाबा, त्या स्लॅबखाली आणखी एक उन्हाळा नाही. पुण्याला चला." तिचे घर आठव्या मजल्यावर असून तेथून खाली पाहिले असता माणसे दिसतात, ओळखीचे कोणी दिसत नाही. ज्या घरात कालकथित केसरने आणि मी संसार केला, ते सोडून मी तेथे लिफ्टची वाट पाहत उभे राहावे, हे मला मान्य नाही. (एसीने माझे सांधे धरतात, हे तिलाही ठाऊक आहे.) अखेर असे ठरले की मे लागताच विशाखेने येऊन दुपारभर माझ्या खोलीत बसावे. खोली तिला सोसवली तर मी येथेच राहीन. न सोसवली तर घरास कुलूप लावून तिच्याबरोबर निघेन.

येथे आपला अभय पुढे सरसावला. शेंद्र्याच्या ज्या कारखान्यात तो नोकरीस आहे, तेथे एका विशिष्ट मिठाने भरलेल्या चपट्या, अर्धपारदर्शक पेट्या तयार होतात. हे मीठ अठ्ठावीस अंशांच्या आसपास वितळते आणि वितळताना खोलीतील उष्णता आपल्या पोटात साठवून घेते. अशा पेट्या त्याने माझ्या छताला खालून बसवून दिल्या आणि एक माहितीपत्रक माझ्या हाती ठेवले. त्यात ‘द्रवणांक’ हा शब्द प्रत्येक वेळी निराळ्या रीतीने चुकलेला होता. मी ते तांबड्या शाईने दुरुस्त करून कारखान्यास परत पाठविले. (पोच अद्याप नाही.) त्यात वापराच्या सूचनाही होत्या असे अभय म्हणतो. असतील. शुद्धलेखन तपासताना मजकुराकडे लक्ष देता येत नाही, हे आपणास कोणीही शिक्षक सांगेल.

पहिल्या दुपारी खोली अशी शीतल राहिली की मी विशाखेस फोनवर चार कठोर वाक्ये ऐकवली. दुसऱ्या दुपारी ती कोमट झाली आणि आठवडा संपता संपता तिचा तवा झाला. वर पाहिले तर पेट्यांत मीठ नव्हते, पाणी होते. माल नासला असे समजून मी स्टुलावर चढून एक पेटी काढली आणि फ्रिजमध्ये ठेवली. (तिच्यासाठी दूध बाहेर काढावे लागले, ते फाटले.) पेटी गोठली. वर लावली, पुन्हा वितळली. तेव्हा मी अभयला बोलावून जाब विचारला.

"मामा, वितळणं हेच त्याचं काम आहे."

"मग गोठणे कोणाचे काम आहे?"

"रात्रीच्या गार हवेचं. तुम्ही रात्री खिडक्या उघड्या ठेवता नं?"

मी त्यास सांगितले की या घरात खिडक्या दिवेलागणीस बंद होतात, डासांकरिता. लग्न झाल्यापासून त्या मी स्वतः बंद करीत आलो आहे, आणि तरीही पहाटे हे घर गार असे, शेंद्र्याचे मीठ नसतानाही. सबब दोष मिठाचा.

"अहो, पण दिवसभर खाल्लेलं त्यानं ओकायचं कुठं, मामा?"

हा वाद खालच्या मजल्यावरील शमशादबींना ऐकू गेला असावा. लिंबाचे सरबत घेऊन त्या वर आल्या आणि कोणी न विचारता म्हणाल्या, "खिडक्याँ तो आपा खोलते थे ना, सर. रोज. आप सोये बाद, मच्छरदानी लगाके. फजर की नमाज के बाद फिर बंद करते थे." (केसरला त्या आपा म्हणत.)

मी म्हणालो, ही ऐकीव माहिती आहे.

"ऐकीव कायकू? देखी ना मैं."

(आमच्याकडे मच्छरदाणी कशासाठी होती, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.) सरबत उत्तम होते. अभय निघून गेल्यावर त्या दुपारी मी काही वाचले नाही, काही लिहिलेही नाही.

तरीही आपल्या चिरंजीवांविरुद्धची तक्रार मी मागे घेत नाही, तहकूब करतो. मनकर्णेस आशीर्वाद.

आपला,
पुंडलिक

ता. क. — विशाखा येत्या आठवड्यात येत आहे. मला दिवेलागणीनंतर लगेच झोप लागते आणि मध्ये जाग येत नाही. मनकर्णेची झोप सावध आहे. खिडक्या उघडण्यापुरते तिला येथे पाठवावे. दुसरे कोणतेही काम तिला पडणार नाही.

ता. क. दुसरा — पाकीट बंद करावयाचे राहिले होते. काल मच्छरदाणी लावून मी खिडक्या उघड्याच ठेवून निजलो. आज सकाळी सर्व पेट्या पांढऱ्याशुभ्र गोठल्या होत्या, आणि दुपारी खोली अशी होती की शमशादबींनी एसी घेतला काय म्हणून विचारले. सबब वरील कारण आता उरलेले नाही.

ता. क. तिसरा — तरीही मनकर्णेस पाठवावे. सकाळी ते मीठ पाहून मी मोठ्याने ‘हे बघ’ असे म्हणालो. खोलीत कोणी नव्हते.