आईच्या पोटातली जळजळ

टेंभुर्णी

ओमदादा,

आईच्या पोटात आग पडायची, तवा तू फोनवर म्हणायचा, "वजन लई वाढलंय तुझं. खाणं आवर." तिनं तुझं ऐकून रातची भाकर सोडली. जळजळ काही थांबली न्हाई.

परवा जालन्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाह्यलं. जुन्या जंतूंमुळं पोटाला आतून सूज होती, तिथंच आता कॅन्सर झालाय. "आधी तपासलं असतं तर गोळ्यांनी जंतू गेले असते," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांनी नुसतं वजनच पाहिलं."

मी तुला फोन लावत होते, तर आईनं माझा हात धरला. "त्याला सांगू नको, अंजू. सवताला दोष देत बसंल."

म्हणून हे पत्र मी टाकणार न्हाई. दिवाळीला येशील तवा आई बारीक दिसंल. तिच्यासमोर खूश होऊ नको.

तुझी बहीण,
अंजू