उजव्या बाजूचा चेंडू

बंगळुरू,
सोमवार, ३१ मार्च

मनिषाताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, पोरांना गोड पापा. कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोड संपवून तुम्ही घाटनांदूरला पोचलात, हे आईनं सांगितलं. फोनच करणार होते. पण तुमच्या घरात फोन स्पीकरवर असतो, आणि मला फक्त तुझ्याशी बोलायचंय. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे.

आमचाही हंगाम काल संपला. देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये आमची टीम कशीबशी टिकली. शेवटच्या सामन्यात बरोबरी तरी हवी होती, ती झाली. एक-एक. आईनं गल्लीत पेढे वाटले म्हणे. तिला वाटलं, गोलमध्ये मीच होते.

मी अर्धाच वेळ होते.

तीन आठवड्यांपूर्वी एका सामन्यात चेंडू धरायला झेपावले आणि समोरच्या मुलीचा गुडघा माझ्या उजव्या डोळ्यावर बसला. डॉक्टरांनी विचारलं, नीट दिसतंय का? म्हटलं, हो. नंतर डोळ्यापुढं ठिणग्या उडायला लागल्या, मग उजव्या कडेनं काळं काहीतरी आत सरकू लागलं. कुणाला सांगितलं नाही. मी बसले की आरोही उभी राहणार. अंबाजोगाईची आरोही, आमची दुसरी गोलकीपर. ती वर्षभर बाकावर बसून माझ्या चुकीची वाट बघते, असं मला वाटायचं. मधल्या दोन सामन्यांत मी पाच गोल खाल्ले. टीम घसरली ती त्यामुळं.

काल सामन्याआधीच्या सरावात तिनं उजवीकडून टाकलेले तीन चेंडू माझ्या शेजारून गेले. ती जवळ आली.

"सायली, तुला दिसंना का?"

"दिसतंय की."

तिनं माझ्या उजवीकडं हात धरला. "बोटं किती?"

"तीन."

"मूठ हाय ही."

ताई, मग मी जे बोलले त्याची लाज वाटते. "तुला माझी जागा पायजे, म्हणून चाललंय हे."

"पायजेच," ती म्हणाली. "लई पायजे. पण तुझा डोळा घालवून न्हाई. तू सांग, न्हाईतर मी सांगते."

मी हात जोडले. मध्यंतरापर्यंत थांब म्हटलं. ती थांबली.

विसाव्या मिनिटाला उजवीकडून फटका आला. मला फक्त जाळी हललेली कळली. उरलेली पंचवीस मिनिटं मी देवाला विनवत होते, चेंडू माझ्याकडं येऊ देऊ नको. गोलकीपरनं असं मागावं का?

मध्यंतरात स्वतःच कोच मॅडमपुढं गेले. "मला एका डोळ्यानं दिसत नाही." त्या ओरडल्या नाहीत. "हातमोजे काढ," एवढंच म्हणाल्या. आरोहीनं चार चेंडू अडवले, ऐंशीव्या मिनिटाला आमचा गोल झाला. शिट्टी वाजल्यावर सगळ्या तिच्याकडं धावल्या. माझे हात टाळीसाठी उचलेनात. खरं सांगू? तिच्या हातूनही एक सुटावा, असं मधे वाटून गेलं होतं.

डोळ्याचा पडदा सुटलाय. उद्या सकाळी ऑपरेशन. किती दिसेल, पुन्हा खेळता येईल का, डॉक्टर आत्ता काही सांगत नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दिवाळीत तू मला शपथ घातलीस. तुझ्या अंगावरून जातंय ते कुणाला सांगायचं नाही, खाडा पडला तर मुकादम ऐकून घेणार नाही. आणि तशीच पाच महिने फडात वाकलीस. मला वाटलं, केवढी माझी ताई धीराची! तुझं बघूनच मी गप्प राहायला शिकले. तुला दोष देत नाही. पण काल मला कुणीतरी पुढं येऊन बोटं विचारली. तुला कुणीच विचारत नाही.

म्हणून आज आईला तुझं सगळं सांगितलं.

हे पत्र आरोही घेऊन येतेय. तिची मावशी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिला कळवून ठेवलंय. आरोही तुला घेतल्याशिवाय उंबऱ्यातून हलणार नाही, लई हट्टी आहे. दाजींना काय सांगायचं ते आई बघेल.

माझ्यावर रागव. वर्षभर बोलू नकोस. पण हातातलं काम ठेव, साडी बदल आणि तिच्याबरोबर नीघ.

तुझी शपथ मोडणारी,
सायली