‘जतन करा’ आणि पाच शाखा

७ जुलै २०२५, सोमवार. सकाळी ६.१०
नांदेड. चहा गार होतोय. मी बटणांचं शुद्धलेखन तपासतोय. क्लासवाल्यांच्या वेबसाइट पटापट करता याव्यात म्हणून तीन वर्षांपूर्वी स्वतःपुरतं टूल बनवलं. फॉर्म भरला की साइट तयार. आजपासून ते विकायचं. जुन्या क्लायंटना मेसेज केला: यापुढे वेबसाइट करून मिळणार नाही, सॉफ्टवेअर मिळेल.

उत्तर एकच, लातूरच्या मल्लिनाथ सरांचं. त्यांच्या ऑफिसातल्या गौरम्माबाईंनी एकटीनं साइट केली, तर पाचही शाखांसाठी घेणार. मुदत शुक्रवार.

म्हणजे घेतलंच.

८ जुलै
फॉर्मखालच्या बटणावरचं ‘सेव्ह’ काढून ‘जतन करा’ केलं. सुकन्याताई म्हणाली, सेव्ह तर आपल्या आईलाबी कळतंय, कशाला उकरून राहिलास? तिला प्रॉडक्ट कळत नाही. बारावीत माझं गणित राहिलं, पण मराठीत अठ्ठ्याऐंशी होते.

९ जुलै
गौरम्माबाईंनी फॉर्म उघडला. आपण फोन करायचा नाही, असं ठरवलं. चार वेळा केला. भरून राहिले की सर, जरा दम धरा, म्हणाल्या.

१० जुलै. दुपार
बाईंचा फोन: झालं सगळं. सर्व्हरवर पाहिलं, रिकामं. अकरा वेळा रिफ्रेश. सर्व्हरवाल्यांना कडक मेल लिहिला.

११ जुलै, शुक्रवार. लातूर
पहिल्या बसनं आलो. बाईंनी कपाटाचं कुलूप काढलं. आत फॉर्मच्या प्रत्येक पानाची प्रिंट, प्लॅस्टिकच्या फाइलीत, तारीख घालून. म्हणाल्या, खाली तुमीच लिव्हलंय की, जतन करा. पावतीवर असतंय तसं. म्या तर कुलपात ठिवलं, अजून किती जतन करू?

शब्द बरोबर. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. बाईही बरोबर.

मल्लिनाथ सर हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, सॉफ्टवेअर राहू द्या तुमच्यापाशी. बसा अन् साइट करून द्या, पहिल्यासारखी. एकाच शाखेची.

कंपनीचं धोरण पाहून कळवतो, असं मी सांगितलं. जिना उतरलो. परत चढलो.

प्रिंट समोर ठेवून टाइप केलं. बाईंनी पानं उलटून दिली.

खर्च: लोगो १,५००, ‘संस्थापक’ छापलेली कार्डं ६००, बस वेगळी. देणं: सुकन्याताईला ३,०००. येणं: एका साइटचे साडेतीन हजार, जुना दर. सरांनी त्यातून पाचशे कमी केले, टायपिंग आमच्या बाईंनी अर्धं केलंच होतं म्हणून.