चिकट पानांचा अल्बम

३ मार्च, सोमवार

आज कामाच्या घरी येऊन पोचले. संग्रहालयातली नोकरी सुटल्यापासून हे पहिलंच मनासारखं काम: इथे राहून जुन्या अल्बममधले फोटो सोडवून वाचवायचे. खोली झकास आहे: मोठी खिडकी, लांबलचक टेबल, आणि मुख्य म्हणजे टेबल डुगडुगत नाही. घरात दोघीच. मोठ्या बाई सत्तरीच्या, बोलायला एकदम मोकळ्या. दुसऱ्या त्यांच्या वारलेल्या भावाची बायको, वहिनी. वहिनींना बोलता येत नाही. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घशाचं काहीतरी झालं आणि आवाज बसला तो बसलाच, असं मोठ्या बाई म्हणाल्या. वर हसून म्हणाल्या, घरात एकीने तरी गप्प बसायला हवं, नाहीतर माझं ऐकणार कोण? मीही हसले. वहिनी चहा ठेवून गेल्या.

अल्बम चिकट पानांचा, वरून पारदर्शक प्लास्टिक. या अल्बमांनी किती घरांच्या आठवणींची वाट लावली असेल देव जाणे. गोंद पिवळा पडतो आणि फोटो मागून खात सुटतो. एकूण बेचाळीस फोटो आहेत. महिन्याचं काम.

५ मार्च, बुधवार

नऊ फोटो सुटले. पान गार केलं की गोंद कडक होतो. मग दात साफ करायचा दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू ओढायचा. श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. सुटलेला फोटो लगेच टीपकागदात.

एक गोष्ट खटकली. नऊच्या नऊ फोटोंत वहिनींचं तोंड गेलंय. डोळे, केस, कानातले डूल सगळं शाबूत, फक्त ओठांच्या जागी पांढरा कागद. हे गोंदाचं काम नाही. भिंगातून पाहिलं. नखाचे ओरखडे आहेत.

मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लहान मुलांनी केलं असेल. या घरात कधी लहान मूल नव्हतं, हे त्यांनीच परवा सांगितलं होतं.

७ मार्च, शुक्रवार

पंधराव्या फोटोच्या पाठीला दुसरा एक फोटो चिकटलेला निघाला. एवढी वर्षं कोणाच्या हाती न लागलेला. वहिनी विशीतल्या, खुर्चीवर बसून खळखळून हसताहेत. ओठ सगळेच्या सगळे. तो सोडवायला चार तास लागले, पण एक कण गेला नाही.

तिसऱ्या प्रहरी वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "साखर कमी घातलीय."

कप माझ्या हातून पडला. त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. मग माझ्याजवळ बसून, खरखरत, अडखळत बोलत राहिल्या. म्हणाल्या, "हा फोटो वन्संना दाखवू नका. माझं एवढं ऐका, बाई." मी शब्द दिला.

दार उघडंच होतं.

८ मार्च, शनिवार

मोठ्या बाई सकाळीच टेबलापाशी येऊन बसल्या. आवाज चढवला नाही. तो फोटो माझ्यासमोर ठेवला, शेजारी माझीच, फोटोची कड उचलायची पातळ पाती. म्हणाल्या, "तोंड तेवढं खरवडून टाका. तुमचा हात स्थिर आहे. माझा थरथरतो, मी करायला गेले तर गळाही जाईल." एवढंच.

मी नाही म्हणाले. त्यांनी पाती उचलली. हात खरंच थरथरत होता. पातीचं टोक फोटोतल्या गळ्यावर टेकलं आणि स्वयंपाकघरात वहिनींना ठसका लागला. थांबेचना.

मी पाती काढून घेतली.

ओठच फक्त. नीट खरवडले. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. ठसका थांबला.

९ मार्च

वहिनींनी चहा आणला. माझ्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. मी मान वर केली नाही.

बॅग भरलीय. उद्या निघते.

१० मार्च

निघता आलं नाही.

मी आले त्याच दिवशी मोठ्या बाईंनी माझ्या आईला पत्र घातलं होतं. तुमची मुलगी फार गुणी, तिच्या लहानपणचा फोटो पाठवा, आम्ही जपून ठेवू. आईने हौसेने पाठवला. आमचा दोघींचा एकच आहे, मी पाच वर्षांची, आईला गालाने टेकलेली.

तो अल्बमच्या शेवटच्या पानावर आहे. चिकटवून वर बोटांनी चोळून बसवलाय. मोठ्या बाई म्हणाल्या, आता तुम्ही घरच्याच. काम सावकाश होऊ द्या. तोंड मात्र मिटलेलं असू द्या.

१२ मार्च

मोठ्या बाई बाहेर गेल्यात. तासाभरात येतील. अल्बम उचलून न्यायचा तर तो टेबलाला साखळीने जखडलाय, आणि पान जाड पुठ्ठ्याचं, पातीने कापलं जात नाही. फोटो सोडवायलाच हवा.

पान गार केलं. गोंद ताजा, कडक होत नाही. दोरा आत जात नाही. पातीने एका कडेपासून उचलावा लागेल. जिथून सुरुवात होईल, तिथला थोडा भाग जाणारच. पुढे सुटेल.

डावीकडे आई. उजवीकडे मी.

वरून, खालून — दोन्हीकडून करून पाहिलं. कोपरे तुटतात. उचलत नाही.

वहिनी दारात उभ्या आहेत. बघताहेत.

आईचं वय झालंय. तिचं सगळं बघून झालंय. हे मी लिहितेय, मीच —

फाटक वाजलं.

डावीकडून सुरू केलं. कड सुटली. आईचा खांदा पानालाच राहिला. मान. थांबवता येत नाही, अर्ध्यात सोडलं तर फाट माझ्यापर्यंत येईल.

फोन वाजतोय. आईचाच नंबर. उचलला. कोणी बोलत नाही, फक्त श्वास, आणि तोही आता