पोवळ्याचे डोळे

सोमवार, १४ जुलै

सांत्वनाला आल्या होत्या म्हणे! बेल्याहून, अर्पिताच्या सासूबाई, सोजरबाई. माझ्या पोरीचं बाळ जन्मून रडलंसुद्धा नाही, त्याला आठवडा होत नाही तोच या माझा चहा फुंकत विचारतात, "दिवसांत असताना हिनं साप पाह्यला होता का?"

अर्पूनं मान हलवली. पाहिला होता. जूनमध्ये, मोगऱ्याची कुंडी सरकवताना. पेन्सिलीएवढा जाड. पळाला नाही, तिथंच पडून राहिला.

"पळन कसा? पोटुशीची सावली पडली का साप आंधळा होते, बाई! त्याचाच तळतळाट लागला लेकराले."

"सोजरबाई, तुमची सावली तर अख्ख्या घरावर पडते. आम्हाला अजून दिसतंय!"

चहा अर्धा टाकून गेल्या. बरं झालं. पण अर्पूनं सगळं ऐकून घेतलं होतं.

मंगळवार, १५ जुलै

दूध येतंच आहे तिला. छातीला पट्टा बांधून दिला. म्हणाली, "आई, मी वाकून पाहत होते त्याला. बराच वेळ. सावली पूर्ण पडली असेल ना गं?"

बी.फार्म. झालेली मुलगी! एका बाईचं एक वाक्य— आणि सगळं शिक्षण पाण्यात.

बुधवार, १६ जुलै

जावयाचा फोन. "आमची आई तशीच बोलते, मम्मी. मनावर घेऊ नका." मी नाही घेतलं रे, शहाण्या! जिनं घेतलंय तिला कर की फोन.

गुरुवार, १७ जुलै

दिवसभर समजावलं. पोवळा साप तो. मातीत राहतो. विषारी, पण भिडस्त. डिवचला तर पळायचं सोडून शेपटी वळवून वर धरतो, म्हणजे शत्रू डोकं सोडून तिकडे चावेल. कॉलेजात जन्मभर हेच तर शिकवलं मी! "युक्ती आहे ती त्याची, अर्पू. आंधळेपणा नाही."

"तू पाहिलेस त्याचे डोळे?"

नव्हते पाहिले.

शनिवार, १९ जुलै

सापडला! सगळ्या कुंड्या हलवल्या. हातात जाड मोजे, लांब काठी, लोणच्याची रिकामी बरणी. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आम्हाला गांडुळालाही हात लावू देत नसत— त्यांनी मला आज पाहायला हवं होतं! तोच साप कशावरून? तोच. मी ठरवलं.

बरणीत ओली माती होती. अर्पूला जवळ बसवून टॉर्च मारला. काळं डोकं, त्यावर खसखशीएवढे दोन डोळे. चकचकीत. उजेड पडताच त्यानं डोकं मातीत खुपसलं.

"बघ! टोचला ना उजेड? दिसतंय त्याला!"

ती काचेला नाक लावून पाहत राहिली. मग दोघींनी मिळून त्याला कुंपणापलीकडे सोडलं. दुपारी न सांगता दोन घास जास्त जेवली. सुटली माझी पोर! सोजरबाईंना फोन करून ऐकवावं असं फार वाटलं. आवरलं.

रविवार, २० जुलै

सकाळी ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"मग माझं बाळ काऊन गेलं, आई?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तेव्हाच तेलुगूत म्हणाल्या होत्या, "कारणम् तेलियदम्मा." कारण माहीत नाही. मलाही नाही.

एक साप होता तिच्याजवळ. तोही मी काढून घेतला.