तापलेलं बीड

प्रिय छोट्या,

चाळिशी उलटली तरी तू छोट्याच. दुपारी तुझी बायको येऊन गेली. चहा नको म्हणाली, टेकलीही नाही, दारात उभ्या उभ्या तुझा निरोप दिला आणि गेली. तेव्हापासून कागद पुढ्यात घेऊन बसलेय. भर सभेत टिपणाशिवाय बोलणारी मी, आणि सख्ख्या भावाला चार ओळी लिहिताना घाम फुटतोय. उद्या तुझी चौकशी. तुझी नोकरी राहते की जाते ते उद्या ठरणार.

गेल्या आठवड्यात डेपोच्या फाटकावर युनियनची पुढारी म्हणून मी जे बोलले ते सगळं तुझंच होतं. भरलेली बस चढण चढून येते तेव्हा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून नळीत सोडणारा तो बिडाचा भाग, निखाऱ्यासारखा तापलेला असतो. गाडी उभी करून इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवलं की तो बेताबेताने निवतो. आत येताच चावी फिरवून इंजिन बंद केलं, वर थंड पाण्याचा फवारा मारला, तर ते बीड वाकेल नाही तर काय करेल? पण वरून हुकूम सुटला : डिझेल वाचवा, गाडी आली की इंजिन बंद, इंजिनासकट धुवा आणि लगेच रांगेत लावा. मी गरजले, डिझेलचा थेंब मोजणाऱ्यांनो, वाकलेलं लोखंड कोण मोजणार? टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. दुसऱ्या दिवशी त्याच ड्रायव्हरांनी आत शिरताच चावी फिरवली. एकाला अडवून विचारलं तर म्हणाला, ताई, भाषण झकास झालं हो, पण पगार साहेब देतात.

वर्कशॉपमध्ये तुला काम करताना पाहिलेलं आठवतं. मॅनिफोल्ड बसवण्याआधी तू त्याच्या तोंडावर पोलादी पट्टी ठेवून एक डोळा मिटून बघायचास, उजेड कुठून झिरपतो का ते. मग मधल्या बोल्टपासून सुरुवात, तिथून दोन्हीकडे बाहेर, थोडं थोडं आवळत, पुन्हा पहिल्यापासून. कोणी मशीन लावून धडाधड आवळायला लागला की तुझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा : मागे कुत्रं लागलंय का रे? तापलं की पसरायला त्याला जागा नको? मी म्हणाले, हेच सांगायला विद्वानांना चारशे पानं लागतात. तू मान वर न करता म्हणालास, तुला पानं लागतात, मला पाना पुरतो.

आणि आता त्याच हातांवर ठपका. तीन गाड्यांची बिडं वाकली, एकीचा धूर आत शिरून प्रवासी ओकले, आणि अहवाल म्हणतो, बोल्ट चुकीचे आवळले. खरं काय ते धुणाऱ्यांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. काल मी एकेकाच्या दारात गेले. साक्ष द्याल का, विचारलं. कोणाला ताप आला, कोणाला पाहुणे. एकाने तर मुलाकडून सांगितलं, बाबा घरी नाहीत, आणि बाबांच्या चपला माझ्या पायाशी.

तुझा निरोप मी तीन वेळा वदवून घेतला. चूक कबूल केलीस तर नुसती बदली होईल. ताईने तोंड उघडलं तर घरी बसवतील. हे सांगताना तुझ्या बायकोने माझं मनगट धरलं होतं. मुलांच्या शाळेबद्दल एक अक्षर बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. अन्यायापुढे मान तुकवू नका, हे मी आयुष्यभर ओरडत आले. ते काय फक्त दुसऱ्यांच्या भावांसाठी होतं? उलटून पालटून पाहिलं रे, तुला वाचवणारा दुसरा रस्ता मला दिसत नाही. वाचलेलं एकही पुस्तक धावून येत नाहीये. तर कबूल कर. उद्या शेवटी ते विचारतील, युनियनला काही म्हणायचंय का? मी म्हणेन, नाही. एवढंच कळवायला लिहितेय, की त्या वेळी माझ्याकडे बघू नकोस. खिडकीकडे बघ, छताकडे बघ, साहेबांच्या टकलाकडे बघ. तू माझ्याकडे बघितलंस, तर माझ्याने गप्प बसवणार नाही.

उद्यापुरती मुकी, पण तुझीच,
ताई