डोंगर हलत नाही

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांचे हल्ली ऐकावे लागते, म्हणून तो मनातल्या मनात घातला आहे, एखाददुसरे अंग कमी भरले तर सांभाळून घे.) तुझा खोकला कसा आहे? वहिनीचा डोळा चुकवून गोड खाणे चालूच असेल. इकडे आम्ही सगळे ठीक. तुझे पत्र पोचले. पोचले म्हणण्यापेक्षा लागले.

तू लिहितोस की मुंगी साडेचार वर्षांची झाली, अजून एक अक्षर काढत नाही, वर्गात तोंड उघडत नाही, दिवसभर माती आणि रंगात लोळते. तेव्हा त्या खेळघरातून नातीला काढा आणि पाटी-पुस्तकाच्या शाळेत घाला. तू पडलास निवृत्त मुख्याध्यापक. तुझा शब्द म्हणजे आमच्या चिरंजीवांना काळ्या दगडावरची रेघ; त्यांनी लगेच मान डोलावली. सूनबाई तेवढी म्हणाली, "शनिवारी वर्गात पालकांना बोलावलंय. ते बघू आणि मग ठरवू." मधल्या दिवसांत तुझ्या वतीने मला पाहणीला धाडण्यात आले. दादा, पाहणी झाली. मुंगी तिथून हलणार नाही. आता कारणे वाच, आणि वाचताना लाल पेन हातात घेऊ नकोस.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेलो, यावरूनच माझी तयारी तुझ्या लक्षात यावी. बसायला मिळाली ती खुर्ची माझ्या एका मांडीपुरती होती. मी बसलो, उठलो तेव्हा खुर्चीही उठली. (वर्गाच्या ताईंनी ती मागून ओढून काढली. या कामी दोन ढग, म्हणजे पुढे जे ढग झाले ती मुले, मदतीला होती.) फळा आहे, पण गुडघ्याच्या उंचीवर, आणि मुलांच्या ताब्यात. खिडकीशी पाण्याचे टब, कोपऱ्यात ठोकळे, दोरीवर चिमट्यांनी टांगलेली ओली चित्रे. आणि एक कडक नियम: कुणाच्याही चित्राला 'हे काय आहे?' असे विचारायचे नाही, 'मला याबद्दल सांग' म्हणायचे. मला कुठले ठाऊक! एका चार वर्षांच्या गृहस्थांना मी मायेने विचारले, "हे काय, बटाटा का?" ते माझेच चित्र निघाले.

दुसऱ्या दिवशी मी ताईंची परवानगी काढून कविता शिकवायला घेतली. माझीच, ऐन तारुण्यात केलेली, जी तू एका कटाक्षात साभार परत केली होतीस:

ढग दमला, ढग दमला, डोंगरावर टेकला;
डोंगर म्हणे, ऊठ गड्या, माझा माथा भिजला.

बेत आपल्या लहानपणचाच होता. हाताची घडी, आधी मी ओळ म्हणणार, मागून त्यांनी. पण दुसऱ्या ओळीलाच घड्या सुटल्या. एक मुलगा ढग झाला, मग सगळेच ढग झाले. ढगांना टेकायला डोंगर हवा, आणि वर्गात तेवढे मोठे दुसरे काही नव्हते. निळ्या रंगाने बरबटलेले सगळे हात माझ्या सदऱ्यावर येऊन टेकले. मी दचकून मागे सरकलो, तर एक खणखणीत आवाज आला, "आजोबा! डोंगर हलत नाही!"

दादा, ती मुंगी होती. वर्गात भिंतीच्या कडेकडेने चालणारी, तहान लागली तरी नुसती ताईंची बाही ओढणारी आपली मुंगी! ताईंच्या हातातला ब्रश हातातच राहिला. आणि मग ती थांबेचना. "तू इकडे बस. तू खांद्यावर. नाकावर नको रे, डोंगराला शिंक येईल!" सगळ्या आभाळाचा कारभार तिने हातात घेतला. मी हललो नाही. मुले डबे खायला गेली तरी हललो नाही, कारण खेळ संपला हे डोंगराला कुणी सांगितलेच नाही. (डोळे ओले होते ते रंगामुळे, असे मी ताईंना सांगितले.)

तू विचारशील, यात अक्षरे कुठे आहेत? एकाच खोलीत आपल्या दोघांचेही वर्ग घेणारे गुरुजी आठव. वाऱ्याची कविता शिकवताना त्यांनी आपल्याला बाकांवर उभे करून झाडे केले होते. त्या वर्षातले आणखी काय तुझ्या लक्षात आहे, सांग बघू! ती कविता गुणगुणताना तू आजही दुसऱ्या ओळीला डावीकडे झुकतोस, हातात भरला कप असला तरी. वहिनीचा टेबलक्लॉथ साक्षीला आहे. हे काय पाटीवर गिरवून आले? तेव्हा खुशाल रागव, चिरंजीवांना फितव, माझ्याशी बोलणे टाक. तोंड उघडले आहे, अक्षरे मागून येतील. मुंगी याच वर्गात राहील. जन्मभर तुझे ऐकले. एवढे ऐकणार नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझा आज्ञाभंजक,
धाकटा

ता. क. – शनिवारी पालकांसमोर हाच खेळ आहे. माझी पाठ अजून सरळ होत नाही आणि ढगांची संख्या वाढली आहे. एका डोंगराला झेपणार नाहीत. शुक्रवारपर्यंत ये. येताना जुना सदरा आण.

आणखी ता. क. – तुझी निवड मी केलेली नाही, मुंगीने केली. "मोठे आजोबा रुंद आहेत," म्हणाली. अटही तिचीच: डोंगराने बोलायचे नाही. चिरंजीव समोरच बसलेले असतील. तू निळा होऊन नुसता उभा राहिलास, तरी ते समजायचे ते समजतील.

शेवटचे ता. क. – सोबत तिने काढलेले तुझे चित्र धाडतो आहे. हे काय आहे, असे चुकूनही विचारू नकोस. (मला बटाटा वाटला.)